दोन बनियन

नवऱ्याला बायकांनी 'हे' म्हणायचं असतं. चारचौघांत मीही म्हणते. पण ही गोष्ट सांगताना मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. ज्याला खटकेल त्यानं माझ्या सासूकडे जाऊन बसावं, ती चहाही पाजेल.

त्याचं नाव धाकू. ब्याऐंशीच्या संपात त्याची गिरणी गेली आणि पुढं बरेच महिने तो चाळीच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देत होता. मग नंदकिशोरनं आम्हा दोघांना मुलुंडच्या एका औषधाच्या कंपनीत चिकटवलं. नंदकिशोर आमच्या गावचा, सावंतवाडीकडचा, आणि कंपनीतल्या युनियनचा पुढारी. आपले उपकार तो स्वतःच इतक्यांदा बोलून दाखवायचा की आम्हाला वेगळी आठवण ठेवावी लागत नसे. मला पॅकिंगला टाकलं आणि धाकूला मिक्सिंगला. राहायला आम्ही कांजूरमार्गला, एका बैठ्या चाळीत. मी, तो, सासू आणि तेव्हा जेमतेम तीन वर्षांची क्षमा.

कंपनीत बऱ्याच गोळ्या व्हायच्या, पण सगळ्यांत जास्त बायकांच्या, मूल राहू नये म्हणून घ्यायच्या त्या. पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळ्या बायकाच. आमच्याकडे गोळी यायची ती चंदेरी कागदात बंद होऊन. मिक्सिंगची खोली पॅसेजच्या टोकाला, तिथं सहा पुरुष. ड्रममधून पावडर काढायची, चाळायची, घोळायची, हे दिवसभर. पंखा नाही, कारण पंख्यानं माल उडतो. नाकाला बांधायचा रुमाल आपला आपण घरून आणायचा. कामाचे खाकी कपडे घरी नेऊन धुवायचे. आणि दारावर लाल अक्षरांत पाटी होती: स्त्रियांना प्रवेश नाही.

त्या पाटीचा त्या सहा जणांना कोण अभिमान! "ता काय बायलांचां काम नाय," असं धाकू आईला सांगायचा आणि म्हातारी लेकाकडे बघत बसायची. रोज एक ग्लास दूध आणि दोन केळी कंपनीकडून, तीही फक्त मिक्सिंगला. बायकांना आत का घेत नाहीत, हे कुणी विचारलंच नाही. पुरुषांना वाटलं, आपण दणकट म्हणून. कंपनीला खरं कारण ठाऊक होतं. बाईच्या पोटात ती धूळ गेली की तिची पाळी बिघडते आणि मग ती बोंबलते. पुरुषाला पाळीच नाही, तर तो कशाला बोंबलेल? एकदा बाळानं, हाही मिक्सिंगचाच आणि आमच्याच चाळीतला, सगळ्यांसमोर चिमूटभर पावडर चूर्णासारखी जिभेवर टाकली. "बायकांची गोळी रे, आपल्याला काय घंटा होणार?" सगळे खो-खो हसले. धाकूनं घरी येऊन तो किस्सा दोनदा सांगितला.

वर्षभरात धाकूची छाती भरली. त्याला वाटलं, दुधानं. खरंच सांगते, त्याला असंच वाटलं. पहाटे उठून जोर मारायचा, भिंतीवरच्या आरशात वाकून वाकून बघायचा. "गिरणीत पार सुकलो होतो. आता बघ कसं अंग धरलंय." चाळीतले पुरुष बाहेरच्या नळावर पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर आंघोळ करतात. तिथं तो पाणी संपलं तरी उघडाच उभा राहायचा, येणाऱ्याला दंड दाखवत. मग एके दिवशी नळावरून परत आला तो टॉवेल खांद्यावरून पुढं ओढून. कोणीतरी काहीतरी बोललं असणार. त्यानंतर तो नळावर गेला नाही. घरातच आंघोळ, मोरीत, पडदा लावून.

मला कळलं ते धुण्यावरून. मे महिन्यात, अंगाची काहिली होत असताना, त्याच्या कपड्यांत रोज दोन बनियन. एक त्याच्या मापाचं आणि एक लहान, घट्ट. बाळाची बायको रत्नप्रभा नळावर माझ्या शेजारी धूत होती. तिच्या बादलीतही दोन. आम्ही एकमेकींच्या बादल्यांत पाहिलं आणि मग एकमेकींकडे.

"तुझा पण?" ती म्हणाली.

"कधीपासून गं?"

"दिवाळीपासून. छातीला हात लावू देत नाय, दुखतं म्हणतो. आणि बाकीचं तर विचारूच नको. वाट लागलीय सगळी."

त्या संध्याकाळी धाकू मोरीतून बाहेर आला तेव्हा मी सरळ विचारलं, "अवो, दोन बनियन कशाला घालता? काय झालंय, दाखवा तरी."

त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. सासू कोपऱ्यात तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

आता हा माणूस आधी कसा होता ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल जात्याच दांडगा. आमच्या गावकीच्या मंडळात दरवर्षी दशावतार होतो. दशावतारात बायका नसतात. बायकांची कामं पुरुषच करतात, आणि आमच्या मंडळात राणीचं काम धाकूचं. नऊवारी असा नेसायचा की माझ्या आईनं तोंडात बोट घातलं होतं. लग्नानंतर माझ्या निऱ्या त्यानंच मला नीट घालायला शिकवल्या. चोळीत कापडाचे बोळे कोंबून, नथ घालून तो उभा राहिला की म्हाताऱ्याकोताऱ्या पुढं येऊन त्याच्या पायाशी नारळ ठेवत. तेव्हा कुणाला लाज वाटली नाही, त्यालाही नाही. खेळ संपला की रंग पुसता पुसता तो तसाच बसून विडी ओढायचा, आणि मला तो फार आवडायचा. हे मी आता रागात असतानाही सांगतेय, म्हणजे खरंच समजा.

कापडाची छाती असताना लोक पाया पडले. हाडामांसाची आली तेव्हा त्यानं तोंड लपवलं. त्या वर्षी मंडळाची माणसं बोलवायला आली तर, "गळा बसलाय," म्हणून दारातूनच परत पाठवलं. राणीचं काम भलत्याच कुणाला तरी मिळालं आणि त्यानं त्याचं वाटोळं केलं.

मग धाकूनं मिशा वाढवल्या. बोलताना आईबहिणीवरून सुरू करायचा. ताटात मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. चाळीतले लोक म्हणायचे, धाकूला आता कुठं कणा आला. जितकी ती पावडर त्याला आतून मऊ करत होती, तितका तो बाहेरून मर्दपणा चोपडत होता, रंगपटात तोंडाला रंग चोपडायचा तसा. आणि तो रंग निघायचा माझ्या गालावर. मीही गरीब गाय नव्हते. एकदा मी लाटणं उगारलं. माझ्या पोटात काही पावडर गेली नव्हती, मी आपली मीठभाकरीवरच चिडले होते. पण सासू उठून मध्ये आली ती लेकाला धरायला नाही, माझा हात धरायला. "काय गो, घरात पुरुष कोण? तू काय तो?"

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. बायका घेतात, मीही घेतलं असतं. पण मग क्षमा.

गौरीगणपतीच्या आधी तिला न्हाऊ घालत होते. साबण लावताना ती एकदम, "आई गं," म्हणून मागं सरकली. मी हात लावून पाहिलं. दोन्ही बाजूंना चिंचोक्याएवढ्या गाठी. मी तशीच बसून राहिले, तांब्या हातात. पाच वर्षांची पोर, दुधाचे दात अजून तोंडात, आणि छाती धरतेय.

सासूनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "चेडवाक नदर लागली. तूच तिका अंडी चारतंस, उष्ण." दुसऱ्या दिवसापासून तिनं नातीला हातात घेतलं. फ्रॉकच्या आत जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली. लगोरी बंद, पोरांमध्ये जाणं बंद. पाय जवळ घे, खाली बघून चाल, मोठ्यानं हसू नको. क्षमा म्हणजे चाळीतली सगळ्यांत द्वाड कार्टी होती, पोरांच्या डोक्यात दगड घालून यायची. महिन्याभरात ती ओट्यावर भिंतीला टेकून, दोन्ही हात छातीवर बांधून बसायला लागली. लोक म्हणायला लागले, बघा, अंगात बाई आली की कशी आपोआप शहाणी होते. आपोआप! गाठी पावडरच्या होत्या, पण ते हात बांधून बसणं सासूनं शिकवलं होतं, सकाळ-संध्याकाळ, चिमटे काढून.

पावडरचं तेव्हा मला माहीत नव्हतं. ते सांगितलं घाटकोपरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी क्षमाला तपासलं, मग विचारलं, "घरात कोणी गोळ्या घेतं? वडील काय करतात?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कामाचे कपडे घरी येतात?"

"येतात ना. मोरीत भिजवते मी. हीसुद्धा त्याच मोरीत न्हाते. आणि बाप आला की धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते... पडायची."

बाईंनी समजावून सांगितलं. ती पावडर म्हणजे बाईच्या शरीरात तयार होतो तोच रस, कारखान्यात केलेला. पुरुषाच्या अंगातही तो थोडा असतो, पण थोडा. रोज नाकातोंडातून आणि कातडीतून जास्त गेला की छाती येते. मुलीच्या अंगात गेला की तिच्या शरीराला वाटतं, मी मोठी झाले. "आता थांबलं तर गाठी बसतील. नाही थांबलं तर पाळी लवकर येईल, उंची खुंटेल. घरात पावडर येता कामा नये, कळलं? आणि वडिलांना घेऊन या, मला त्यांना बघायचंय."

मी विचारलं, "बाई, त्या पावडरनं माणूस मारकुटा होतो का?"

त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. "चिडचिडा होऊ शकतो, रडवेला होऊ शकतो. पण त्याचा हात तुमच्यावर उठतो आणि मॅनेजरवर उठत नाही ना? ते पावडर नाही ठरवत."

मी घरी आले ती ठरवूनच. धाकू दाराशी आला तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहिले.

"आत नाय यायचं. कपडे बाहेर काढा, नळावर आंघोळ करा, मग या."

"वेडी झालीस काय?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या कपड्यांतनं पोरीला झालंय. तुम्हाला झालंय तेच."

'तुम्हाला झालंय' म्हटल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. नळावर तेव्हा पाचसहा पुरुष होते. बाळा नव्हता. तोही घरात आंघोळ करायचा. धाकूनं नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला ढकलून आत आला. खाकी शर्टावर पिठासारखी पांढरी पावडर होती, ती माझ्या पदराला लागली. मी क्षमाला उचलून शेजारी रत्नप्रभाकडे नेलं आणि तिथंच झोपवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रत्नप्रभाचाही नवरा मिक्सिंगचाच, पावडरही तीच, पण तिच्या घरात निदान मोरी मागच्या बाजूला होती.

मी म्हटलं, "नोकरी सोडा."

"आणि खाऊ काय, तुझी जीभ?"

"मग दवाखान्यात चला. बाई तुमचं बघून लिहून देतील, कंपनीला सांगता येईल. कपडे कंपनीत धुवा म्हणावं, न्हाणीघर बांधा म्हणावं."

"कोणासमोर मी शर्ट काढणार नाय." तो हळू आवाजात म्हणाला, आणि मग ओरडून, "बायकोनं लाज विकायला काढलीय!" म्हणजे चाळीला ऐकू जावं. मला त्याची दया येत नव्हती. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तिरस्कार वाटत होता. स्वतःच्या छातीपायी हा पोरीचा जीव मोरीत सोडत होता.

मी नंदकिशोरला गाठलं, कॅन्टीनच्या मागं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पान थुंकलं.

"शेवंती, हे बाहेर गेलं तर काय होईल माहीत आहे? सगळ्या मुलुंडात बोंब. नंदकिशोरच्या युनियनमधले मरद बायका झाले. उद्या गेटवर घोषणा द्यायला उभा राहिलो तर लोक बांगड्या फेकतील."

"मग फेकू देत. पोरीला काय सांगू मी?"

"पोरींना होतंच ते कधीतरी."

"पाच वर्षांच्या? तू कंपनीच्या डॉक्टरला बोलव. मॅनेजरला बोलव. नायतर मी पोरीला घेऊन गेटवर उभी राहीन आणि पॅकिंगच्या एकेका बाईला सांगेन की मिक्सिंगच्या पुरुषांचे बनियन मोज."

हे त्याला लागलं. पॅकिंगच्या बायका बसल्या तर कंपनी बसते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. शनिवारी कामाची पाळी संपल्यावर बैठक ठरली. त्याआधी त्यानं सहाही जणांना बाजूला घेतलं आणि दम भरला. मला ते भीमराजनं सांगितलं. हा मिक्सिंगमधला सगळ्यांत तरुण, कांजूरलाच पलीकडच्या वस्तीत राहणारा, लग्न ठरलेला. "वहिनी, काय बोलणार आम्ही? मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर संपलंच ना." माझ्याकडे न बघता बोलत होता. त्याच्या शर्टाच्या आतून बनियनच्या दोन किनारी दिसत होत्या.

शनिवारी मी क्षमाला घेऊन गेले. सासूनं पट्टी बांधूनच पाठवली. मॅनेजरची केबिन गार होती, खिडकीला एसी. टेबलामागं मॅनेजर आणि कंपनीचा डॉक्टर, बाजूच्या खुर्चीत नंदकिशोर, आणि भिंतीला टेकून सहा पुरुष. मला बस म्हणालं नाही कुणी.

डॉक्टरनं जागेवरूनच एकेकाला विचारलं. "काही त्रास?"

"नाही साहेब."

"छातीत दुखतं? सूज?"

"नाही साहेब."

बाळा नाही म्हणाला. भीमराज नाही म्हणाला. रत्नप्रभाचे शब्द माझ्या कानात होते आणि बाळा समोर उभा राहून नाही म्हणत होता. शेवटी धाकू.

"काय नाय साहेब. सगळं बरोबर आहे."

मिशांवरून हातही फिरवला त्यानं. मला वाटलं, तिथल्या तिथं त्याचा गळा धरावा.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "हे बघा बाई, सहा ॲडल्ट मेन रोज त्या पावडरमध्ये आहेत, त्यांना काही नाही. मग घरी बसलेल्या मुलीला आमच्यामुळं कसं होईल? तुमच्या घरात कोणीतरी गोळ्या उघड्या टाकत असेल. कंपनीचा माल घरी नेणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

म्हणजे आता मी चोर. नंदकिशोर नखं बघत बसला.

"कोणी गोळ्या आणल्या नाहीत," मी म्हणाले. "कपड्यांतून येतं. ह्यांच्या अंगावरच्या."

"काय येतं? ह्यांच्या अंगावर काही आहे का?" डॉक्टर म्हणाला. "बरं, मुलीचं तरी दाखवा. इकडं आणा तिला. फ्रॉक काढा."

मी क्षमाला पुढं घेतलं आणि पाठीमागच्या हुकांना हात घातला. पहिला हुक निघाला तशी तिनं दोन्ही हात छातीवर घट्ट बांधले. मान खाली, खांदे पुढं, सासूनं शिकवल्याबरहुकूम. चाळीतल्या तिच्या वयाच्या पोरी अजून नुसत्या चड्डीवर हुंदडतात, आणि ही नऊ पुरुषांसमोर अंग चोरून उभी होती. मी मान वर केली, आणि भिंतीजवळ धाकू दिसला. तोही तसाच. हात छातीवर आडवे, खांदे पुढं. बाप आणि लेक एकाच साच्यातले. नऊ वर्षं मी त्याच्यासोबत राहिले होते, पण त्यानं असं उभं राहायला कधी सुरुवात केली, ते मला आठवेना.

माझा हात थांबला. मी तो हुक परत लावला.

"काढा ना बाई," डॉक्टर म्हणाला. "वेळ नाही आमच्याकडे."

मी क्षमाला तिथंच सोडून धाकूसमोर जाऊन उभी राहिले आणि त्याच्या शर्टाच्या वरच्या बटणाला हात घातला. त्यानं माझं मनगट पकडलं. असं पिळलं की बांगडी फुटून टेबलाखाली गेली.

"शेवंती," नंदकिशोर उठला, "हा काय तमाशा?"

मी धाकूच्या तोंडाकडेच बघत होते. इतकी जवळ मी किती दिवसांनी उभी होते कोण जाणे. मला त्याला मारायचंही होतं आणि रडायचंही होतं. दोन्हीतलं मी काही केलं नाही.

"एकाचं उघडावं लागणार," मी म्हणाले. "हिचं की तुमचं, तेवढं सांगा."

त्यानं मनगट सोडलं नाही. मागं एसी घरघरत होता. क्षमा वळून आमच्याकडे बघत होती, हात अजून तसेच.

मग त्याची बोटं सैल झाली. माझा हात त्यानं बाजूला केला आणि बटण स्वतः काढलं. मग दुसरं. शर्ट काढून त्यानं खांद्यावर टाकला. वरचं बनियन डोक्यावरून काढलं. आतलं घट्ट बनियन काढताना ते घामानं चिकटलं होतं, दोनदा ओढावं लागलं. आणि मग तो उभा राहिला, हात खाली सोडून.

दाराशी शिपाई होता, त्याच्या तोंडून फस्सकन हसू निघालं. भीमराजनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर गेला. बाळा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मॅनेजरनं टेबलावरचा कागद उलटा करून पुन्हा सरळ केला. मी पाहिलं, पहिल्यांदाच पाहिलं. कापडाचे बोळे असायचे तिथं आता खरोखरीचं अंग होतं, वळ उठलेलं, घट्ट बनियनच्या शिवणीनं लाल झालेलं.

डॉक्टर अखेर खुर्चीतून उठला. जवळ आला, बोट टेकवलं. धाकू दचकला.

"दुखतं का?"

धाकूनं माझ्याकडे पाहिलं. जन्मात कुणी त्याला हे विचारलं नसावं, किंवा विचारलं असेल तेव्हा त्यानं नाही म्हटलं असेल. मी काही बोलणार नव्हते. मला मारल्यावर त्यानं एकदा तरी विचारलं होतं का, दुखतं का म्हणून? त्याचं त्यानं सांगावं.

"दुखतं," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, "खूप दुखतं साहेब."

क्षमा पुढं आली. बापाच्या उघड्या अंगाकडे तिनं नीट पाहिलं, इकडून, तिकडून. मग तिनं छातीवरचे हात सोडले.

"बाबा," ती म्हणाली, "मला पण."